उतारावर इंजिन बंद

गाडीचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर ज्यांना गाड्या कळतात त्यांना मालकही कळेल, कारण तसली गाडी अख्ख्या विदर्भात एकच आहे. जपानी आहे, टर्बो आहे, चारही चाकांना ताकद जाते आणि डिकीवर इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख आहे. एवढं पुरे.

आणि हेही आधीच सांगून ठेवते, मी घाबरट नाही. मी अर्पिता, पुण्यात राहते, गाड्यांचं ट्यूनिंग करते. म्हणजे पाने-पकडी कमी आणि लॅपटॉप जास्त. गाडीत एक कॉम्प्युटर असतो, त्याला आम्ही ईसीयू म्हणतो. त्याला शिकवायचं, पेट्रोल किती टाकायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोला किती फुंकू द्यायचं. लोक मला फोनवर इंजिनचा आवाज ऐकवतात आणि मी सांगते काय दुखतंय. बहुतेक वेळा बरोबर निघतं. गर्व म्हणा हवं तर, पण निघतं.

तर धम्मरत्नचा फोन आला. हा सोनाळ्याचा मुलगा. पुरात बुडालेली, इन्शुरन्सवाल्यांनी टाकून दिलेली गाडी याने उचलली आणि घरच्या संत्र्याच्या बागेत शेड टाकून एकट्याने उभी केली. चालवतो तर असा की मी त्याचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघते.

"मॅडम, नॉक येऊन राह्यला," तो म्हणाला. "आन एकाच जागी येते. सगळं बदलून पाह्यलं."

नॉक म्हणजे इंजिनमध्ये पेट्रोल वेळेआधी भडकून होणारी खडखड. वाढली तर पिस्टन फुटतो. म्हणून इंजिनच्या पोटाला एक सेन्सर बोल्टने आवळलेला असतो, छोटासा कानच समजा. त्याने खडखड ऐकली की ईसीयू घाबरतं आणि ताकद कापतं. आणि एकदा घाबरलं की पुढे मैलोन्‌मैल घाबरलेलंच राहतं. गाडी लंगडते.

धम्मरत्नला नेमकं तेच परवडणारं नव्हतं. नागपूरच्या गजेंद्र सरांच्या रॅली टीममध्ये ड्रायव्हरची एक जागा रिकामी होती. सर चिखलीला येणार होते, गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही बघणार होते. गाडी पळाली तर जागा याची. लंगडली तर ते पुढच्या गावच्या मुलाकडे जाणार. असा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्यांदा येत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी बॅग भरली.

त्यांचं घर सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. डिसेंबर होता. बागेत संत्री पिकून खाली पडलेली, त्यांचा गोड आंबूस वास हवेत नुसता बसून राहिलेला. घरामागे डोंगराची काळी रेघ, आणि घरापासून एकच डांबरी रस्ता, दोन्हीकडे बागा, सरळसोट उतरत खाली गावाकडे जाणारा. कुठेही जायचं तर तोच. आणि गाडी नॉक ऐकत होती तीही तिथेच. संग्रामपूरच्या रस्त्यावर नाही, चढताना नाही, फक्त घरातून खाली जाताना, त्या उतारावर.

"खडी उडत असेल खालून," मी म्हटलं. "सेन्सरला काय, खडीही खडखडच वाटते."

गाडीच्या पोटाखालचा पत्रा काढून आम्ही आतून जाड रबर चिकटवलं. स्पार्क प्लग नवीन घातले. पेट्रोल काढून दुसऱ्या पंपाचं भरलं. हवेच्या नळीत गळती आहे का बघायला धुराचं मशीन लागतं, ते तिथे कुठलं, मग हवा भरायच्या पंपाने उदबत्तीचा धूर आत सोडला. एका जोडातून बारीक निळी रेघ निघाली. मी इतकी खूश झाले की काय सांगू. जोड बदलला, सेन्सरही नवा लावला, मीच आणलेला. उतारावर गेलो. ताकद गेली. तिथेच.

धम्मरत्नची बहीण सुवर्णा उपकेंद्रात नर्स आहे. संध्याकाळी ती मला स्कूटीवर खाली गावात घेऊन निघाली, मला सिमचं रिचार्ज हवं होतं. उतार लागला आणि तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं. स्कूटी निःशब्द घरंगळत निघाली. नुसता टायरचा सर्रर्र आवाज आणि कानांत थंड वारा. वाटेत एक बाईकवाला दिसला, तोही बंद. त्यामागे दुधाचे कॅन लावलेली एक बाईक, तीही बंद. कोणी कोणाशी बोलेना. खाली पुलाची फरशी ओलांडली आणि सगळ्यांनी एकामागोमाग इंजिनं चालू केली.

"पेट्रोल वाचवता होय," मी हसले. "एवढंसं वाचून काय होतंय गं?"

"पेट्रोल कायचं," सुवर्णा म्हणाली. "इथून खाली जाताना इंजिनाचा आवाज करू नये म्हणतात. ऐकलं का मागं पळते."

"कोण?"

"ते कोणी सांगत नाई. त्याले म्हणे गावात जायचं आहे. चढताना नाई येत, खाली जाणाऱ्याच्याच मागं येते."

"तुम्ही मानता हे?"

"छ्या. आमच्या घरी भूतबित काही नाई. आबासमोर कोणी असं बोललं तर ते त्याले अंगणातून हाकलतात." तिने आरसा सरळ केला. "पण इंजिन तेबी बंद करतात."

रात्री जेवताना मी जानराव आबांना, म्हणजे या दोघांच्या वडिलांना, मुद्दाम विचारलं. आबांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. "सवय आहे," म्हणाले. "माह्या बापाची होती, माही आहे. सवयीले कारण लागत नाई."

"मग दादा, तूबी बंद करून घे न एवढा उतार," सुवर्णा म्हणाली. "कायले अडून बसला?"

"इंजिन बंद झालं का ब्रेक दगड होते हिचे," धम्मरत्न म्हणाला. "एकदा करून पाह्यलं, सीधा आबाच्या तुरीत गेलो."

"मंग बैलजोडीले बांधून ने फरशीपर्यंत."

"हो, आन गजेंद्र सरले सांगतो, बैलगाडी हाकाले जागा आहे का पाहा म्हणून."

सगळे हसले. धम्मरत्न हसला नाही. त्याने ताट सरकवलं आणि शेडमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही उतारावर गेलो. गार हवा दाट असते, टर्बोला ती आवडते, म्हणून आमची कामं पहाटे. धुकं बागांमधून रस्त्यावर वाहत होतं. रात्री ठिबक चालवलेलं, ओल्या मातीचा वास, मध्येच कुजक्या संत्र्याचा. डोंगराकडून एकदा मोर ओरडला आणि मग कशाचाच आवाज नाही. आबा वरच्या टोकाला उभे राहिले, सुवर्णा खाली फरशीपाशी, कोणी आलंच तर थांबवायला.

मी इंजिनच्या ब्लॉकला एक माइक चिमट्याने लावला, वायर खिडकीतून आत घेतली आणि हेडफोन घातले. ही जुनी पद्धत आहे. कॉम्प्युटर फसतो, कान सहसा नाही. एकदा ऐकलं की खडी, बेअरिंग, खरा नॉक, सगळं वेगवेगळं कळतं.

"चल," मी म्हटलं.

त्याने दाबली. हेडफोनमध्ये आधी सगळं ओळखीचं होतं. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची शिलाई मशीनसारखी कटकट, वाढत जाणारी टर्बोची शिट्टी, गिअरचा गुंजारव. मग उतार लागला, आणि या सगळ्याच्या मागून, लांबून...

थप. थप. थप. थप.

अनवाणी पाय. डांबरावर.

मला वाटलं ड्राइव्हशाफ्ट, चाकं फिरवणारा दांडा. खरंच तेच वाटलं. गाडीतला प्रत्येक आवाज कशाला तरी बांधलेला असतो, एक तर इंजिनच्या फेऱ्यांना, नाही तर चाकांच्या वेगाला. कशाला बांधलाय ते शोधायचं की झालं निदान. मी धम्मरत्नला म्हटलं, पाय उचल. त्याने उचलला. इंजिन खाली आलं, शिट्टी विझली, गुंजारव मंदावला. पावलं मंदावली नाहीत.

"ब्रेक लाव. हळू."

गाडी हळू झाली. आणि आवाज मोठा झाला. बघा, चाकाचा आवाज असता तर तोही हळू झाला असता ना. हा नुसता... जवळ आला. आता पावलांच्या मध्ये श्वासही ऐकू येत होता, धाप लागलेला, तोंड उघडं ठेवून घेतलेला.

"दाब," मी म्हटलं. "दाब, दाब."

त्याने दाबली, पण ईसीयूने तोपर्यंत ताकद कापली होती. लंगडत लंगडत आम्ही फरशी ओलांडली आणि हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ इंजिन उरलं. मी मागे बघितलं. धुकं, रस्ता, फरशीपाशी सुवर्णा, वर लांब आबांची टोपी. बाकी कोणी नाही.

"काय होतं?" धम्मरत्नने विचारलं.

"बेअरिंग असेल."

"मॅडम, मी लहानपणापासून इथं राह्यतो." तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "बेअरिंग नाई ते." मग गाडी कडेला घेत, "फोन करून देऊ का सरले? सांगतो गाडी बिघडली म्हणून. कोणी हसणार नाई."

त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. भीती नव्हती त्यावर. आपलं असलेलं काहीतरी आपणच परत देऊन टाकावं, तसा होता. आणि मी पुण्याहून एवढ्यासाठी आले नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "एक उपाय आहे."

सेन्सरने ऐकलेल्या किती आवाजाला घाबरायचं ते ठरवणारं एक कोष्टक ईसीयूमध्ये असतं. ते वर सरकवलं की सेन्सर ऐकतो, पण ईसीयू मनावर घेत नाही. थोडक्यात गाडी बहिरी करायची. खोट्या नॉकवर ट्यूनर हेच करतात. आधी मी संग्रामपूरच्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने गाडी तपासली. खरा नॉक कुठेच नव्हता, इंजिन ठणठणीत. मग कोष्टक बदललं. काम चोख होतं. आजही कोणाही ट्यूनरने ती फाईल उघडून बघावी.

सुवर्णा शेडच्या खांबाला टेकून ऐकत होती.

"म्हणजे ते येते ते येतेच," ती म्हणाली. "फक्त गाडीले समजणार नाई."

"बरोबर."

"मंग घाबरणार कोण?"

"कोणीच नाही. तोच तर मुद्दा आहे."

सुवर्णा घरात निघून गेली. आबाही या वेळी वरच्या टोकाला उभे राहायला आले नाहीत. चिखलीला जायला निघालो तेव्हा ते बागेत पाठमोरे उभे होते, हातात पाण्याची नळी, आणि नळीला पाणी नव्हतं.

ऊन चांगलं वर आलेलं. धुकं गेलेलं, रस्ता खालपर्यंत स्पष्ट. मी हेडफोन घातले. घालायची गरज नव्हती, पण केलेलं काम ऐकायला मला आवडतं.

उतार लागला. थप थप थप थप, आलंच. या वेळी गाडी घाबरली नाही. ताकद कापली नाही, टर्बोची शिट्टी चढत गेली, लॅपटॉपवर ताकदीची रेघ सरळ वर. धम्मरत्न आनंदाने काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, कारण पावलंही चढत गेली होती. इंजिनपेक्षा जोरात. मागून, मग डाव्या बाजूने, मागच्या दारापाशी, धाप अगदी काचेला लागून...

आणि पावलं थांबली.

कशी थांबली सांगू? सुटलेल्या एस्टीमागे माणूस धावतो, दांडा पकडतो आणि पायरीवर पाय टाकतो. त्यानंतर रस्त्यावर पाय वाजत नाहीत ना. तशी.

फरशी ओलांडली. "झालं, मॅडम," धम्मरत्न ओरडत होता. "झालं! एकदाबी नाई कापली!" मी हेडफोन काढले आणि मान वळवून मागे बघितलं. मागे रिकामं होतं. मी त्याला टाळी दिली. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंदच झाला होता, लॅपटॉपवरची ती रेघ इतकी सुंदर होती.

खामगाव सोडल्यावर तो एकदाच म्हणाला, "मागून जराशी बसल्यावाणी वाटते का?"

"टाकी फुल आहे," मी म्हटलं.

चिखलीत गजेंद्र सरांनी कोणाचंतरी धान्याचं रिकामं गोदाम घेतलं होतं, कारण तिथली फरशी सपाट होती. सर म्हणजे उंच, शांत माणूस, बोलताना शब्द उधार आणल्यासारखे वापरणारा. त्यांच्याबरोबर त्यांची मेकॅनिक डिंपल, माझ्याच वयाची, च्युइंगगम चघळत सगळ्याकडे संशयाने बघणारी. सर धम्मरत्नबरोबर मेहकरच्या रस्त्यावर चक्कर मारून आले. उतरले आणि म्हणाले, "पळते. पोरगाही चालवतो."

धम्मरत्नने माझ्याकडे बघितलं, आणि मग जमिनीकडे, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

"वजन घेऊ आणि मोकळे होऊ," सर म्हणाले.

शर्यतीची गाडी चार काट्यांवर चढवतात, प्रत्येक चाकाखाली एक. कुठल्या कोपऱ्यावर किती भार येतो ते पडद्यावर दिसतं. डिंपलने गाडी चढवली, इंजिन बंद केलं, आतून उतरली. पडद्यावर चार आकडे आले.

"मागचं डावं जास्त आहे," ती म्हणाली. "आत काय ठेवलंय?"

काही नव्हतं. मागची सीट त्याने कधीच काढून टाकलेली, स्टेपनीसुद्धा नव्हती. आम्ही काटे अदलाबदल केले. हवा मोजली. मी वाकून त्या कोपऱ्याची स्प्रिंग फिरवली, पण फिरवतानाच मला कळत होतं की उपयोग नाही. स्प्रिंगने वजन एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरकतं, एकूण वाढत नाही. इथे एकूणच जास्त होतं. एका बारीक माणसाएवढं.

डिंपलचं च्युइंगगम चघळणं थांबलं होतं.

"ड्रायव्हरसकट घेऊ," सर म्हणाले. "ये रे, बस."

धम्मरत्न हेल्मेट हातात घेऊन आला. त्याने उजवीकडचं दार उघडलं. अजून त्याने पाय आत टाकलेला नव्हता, हात नुसता दारावर होता, आणि पडद्यावर मागच्या डाव्याचा आकडा उतरायला लागला. सावकाश. कोणीतरी जागेवरून उठावं तसा. आणि पुढच्या उजव्याचा चढायला लागला, ड्रायव्हरच्या कोपऱ्याचा, चढत चढत एका ठिकाणी येऊन स्थिर झाला.

डिंपलने माझा दंड धरला. मी काही बोलायच्या आत धम्मरत्न आत बसला होता. चांगला धडधाकट मुलगा आहे तो, बसताना गाडी हलायला हवी होती.

आकडा हलला नाही, काट्याच्या लेखी ती जागा आधीच भरलेली होती.

"धम्मा," मी म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, मलाच आश्चर्य वाटलं. "एक मिनिट उतर ना."

तो उतरला. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हेल्मेट पोटाशी धरून. "काऊन? काही राह्यलं का, मॅडम?"

आकडा तेव्हाही हलला नाही. दार उघडं होतं. आतली रिकामी सीट मला इथून पूर्ण दिसत होती.

गजेंद्र सरांनी मान हलवली.

"झालं," ते म्हणाले. "ड्रायव्हर पक्का."

ते धम्मरत्नकडे बघत नव्हते. पडद्याकडेही नाही. उघड्या दारातून आत बघून, ओळख झालेल्या माणसाकडे बघून हसतात तसं ते हसले.